गणवेशाचा नियम राबवताना शब्द कसे जपावेत

रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका शाळेत मी बरीच वर्षे वर्गशिक्षक आणि नंतर मुख्याध्यापक म्हणून काम केले. त्या काळात गणवेशावरून आमच्याकडे आणि आसपासच्या शाळांत जे वाद पेटलेले पाहिले, त्यांच्या मुळाशी नियम क्वचितच होता. बहुतेक पालकांना गणवेश हवाच असतो, कारण त्यामुळे बंगल्यातले मूल आणि कौलारू घरातले मूल एका रांगेत सारखे दिसते. त्यांना राग येतो तो शिक्षकाच्या तोंडून निसटलेल्या एखाद्या वाक्याचा, आणि ते वाक्य संध्याकाळपर्यंत साऱ्या वाडीच्या मोबाइलवर पोहोचलेले असते. म्हणून पुढील सूचना नियम राबवण्याविषयी जेवढ्या आहेत तेवढ्याच बोलण्याविषयी आहेत. माझ्या मते गणवेशाविषयीचे वाक्य कपड्यापाशी सुरू व्हावे आणि कपड्यापाशीच संपावे. मुलाच्या घरावर, शरीरावर, जातीधर्मावर किंवा आईवडिलांच्या व्यवसायावर ते कधीही घसरू नये. बाकीचे सारे तपशील याच धोरणातून येतात.

नियम लिहिताना

नियमपत्र मे महिन्यातच तयार करावे आणि ते एका पानापेक्षा मोठे नसावे. शासकीय, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांसाठी 2009 च्या शिक्षण हक्क अधिनियमाने शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे; तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. जिथे ही समिती नाही तिथे शिक्षक-पालक संघ असतो. नियमपत्र या मंडळींपुढे मोठ्याने वाचावे, त्यांना दुरुस्त्या सुचवू द्याव्यात, रीतसर ठराव करावा आणि तो इतिवृत्तात नोंदवावा. पुढे कधी "हा नियम कोणी केला?" असा प्रश्न आला, तर "आपण सर्वांनी मिळून, अमुक तारखेच्या सभेत" असे उत्तर देता येते, आणि माझा अनुभव असा की या एका उत्तराने निम्मी कटुता तिथेच संपते.

प्रत्येक नियमापुढे त्याचे कारण एका ओळीत लिहावे. बूट का, ओळखपत्र का, खेळाच्या तासाला लोंबते कानातले का नकोत, हे पालकाला वाचून पटले पाहिजे. ज्या नियमाचे कारण लिहिताना पेन अडते तो नियम काढून टाकावा. मोज्यांवरच्या पट्ट्यांची संख्या आणि रिबिनीची रुंदी ठरवणारी नियमपत्रे मी पाहिली आहेत. अशा बारकाव्यांमुळे शिस्त वाढत नाही, मात्र रागवण्याचे प्रसंग वाढतात.

कोकणातील शाळेने नियम लिहिताना पाऊस विसरून चालत नाही. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. व्हाळ म्हणजे ओढा ओलांडून, साकवावरून दोन-तीन किलोमीटर चालत येणाऱ्या मुलाचा शर्ट सकाळी भिजतो आणि रात्री पडवीतल्या दांडीवर किंवा चुलीच्या उबेला टाकला तरी दमटच राहतो. एकच जोड असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे दोनच मार्ग असतात: ओला गणवेश घालणे किंवा रंगीत कपड्यांत येणे. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात चामडी किंवा कापडी बुटांऐवजी प्लास्टिकचे सँडल चालतील, रेनकोटाला रंगाची अट नसेल आणि गणवेश वाळला नसल्यास कोरडा साधा पोशाख चालेल, असे नियमपत्रातच स्पष्ट लिहावे. सवलत लिहिलेली असली की मुलाला दारात उभे राहून आपले दारिद्र्य समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. शाळा जूनमध्ये सुरू होते. मात्र जून आणि जुलै हे पावसाळी मासेमारीबंदीचे महिने. ज्या घराची चूल होडीवर चालते त्या घरात नेमक्या त्याच दिवसांत पैसा नसतो, आणि नेमके तेव्हाच आपण दोन जोड, बूट, दप्तर आणि वह्या मागतो. आंबा-काजूवाल्या घराकडे मे अखेर चार पैसे आलेले असू शकतात. मच्छीमाराच्या घरी ते नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्यावर येतात. त्यामुळे दुसऱ्या जोडासाठी गणपतीच्या सुटीपर्यंत मुदत द्यावी आणि ती सर्वांना द्यावी, म्हणजे ती कोणाची वेगळी सवलत दिसत नाही. गणवेशाचा रंग आणि नमुना ठरवावा, दुकान ठरवू नये; अमुक एका दुकानातूनच खरेदी करा अशी सक्ती शाळेला करता येत नाही.

सरकारी योजनेचा गणवेश मिळणाऱ्या मुलांच्या बाबतीत आणखी जपावे. समग्र शिक्षा योजनेत प्रत्येक विद्यार्थ्यामागे दोन गणवेशांसाठी वर्षाला 600 रुपये धरलेले असतात, आणि त्या रकमेत कापड व शिलाई कशी बसते हे कोणत्याही शिंप्याला विचारून पाहावे. 2024-25 मध्ये राज्याने कापडखरेदी एकत्रित केली तेव्हा अनेक शाळांत गणवेश उशिरा आले आणि कित्येक मुलांना ते मापात बसले नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. कपडे उशिरा आले किंवा ढगळ आले, तर त्याचा जाब मुलाला विचारता येत नाही.

शाळेत एक गणवेश-पेटी असावी. दहावीची मुले दाखला न्यायला येतात तेव्हा त्यांचे वापरण्याजोगे शर्ट, पँट, स्कर्ट, सलवार-कमीज मागून घ्यावेत, धुऊन, इस्त्री करून, बटणे लावून मापानुसार कपाटात ठेवावेत आणि किल्ली एखाद्या मायाळू शिक्षिकेकडे द्यावी. त्या कपड्यांवर शाळेचा शिक्का मारू नये. पेटीतला शर्ट घातलेले मूल वर्गात ओळखू आले, तर त्या पेटीचा काही उपयोग उरला नाही असे समजावे.

तपासणी कोणी आणि कुठे करावी

परिपाठाच्या रांगेतून मुले बाहेर काढणे, त्यांना फाटकाशी वेगळे उभे करणे, ध्वनिक्षेपकावरून नावे घेणे हे सारे बंद करावे. तपासणी वर्गशिक्षकाने हजेरी घेताना करावी, आणि तीही नजरेने. बोलायचे असेल तर मधल्या सुटीत, वर्गाबाहेर, इतरांना ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी, परंतु इतरांना दिसेल अशा जागी बोलावे. मुलींच्या पोशाखाविषयी काही सांगायचे असल्यास शिक्षिकेनेच सांगावे. स्कर्टाची लांबी मोजणे, कपडा ओढून पाहणे, केस कापणे, गळ्यातला दोरा तोडणे, बांगड्या उतरवून घेणे ही कामे कोणीही, कोणत्याही कारणाने करू नयेत.

गणवेश नाही म्हणून मुलाला घरी पाठवू नये. कोकणात घर म्हणजे अनेकदा डोंगरापलीकडची वाडी असते, परतीची एसटी दुपारनंतर असते आणि सकाळी अकरा वाजता एकट्या मुलीला भर पावसात रस्त्यावर सोडणे ही शिस्त नव्हे, तो धोका आहे. तिला वाटेत काही झाले तर त्याची जबाबदारी शाळेवरच येते. शिवाय तिचा त्या दिवसाचा अभ्यास बुडतो, ज्यासाठी ती शाळेत आली होती. परीक्षा, सहल, पोषण आहार यांपैकी कशालाही गणवेशाची अट जोडू नये.

क्रम साधा असावा. पहिल्यांदा वर्गशिक्षकाने मुलाशी बोलावे. तरीही आठवडाभर तसेच राहिले तर घरी फोन करावा आणि फोनवरचे पहिले वाक्य मुलाच्या खुशालीचे असावे. त्यानंतर गरज पडली तरच पालकांना भेटीस बोलवावे, आणि त्यांची मजुरी बुडणार नाही अशी वेळ त्यांनाच विचारून ठरवावी. कित्येक मुलांचे आईवडील मुंबईला नोकरीधंद्यास असतात आणि मूल आजीआजोबांकडे राहते, हे लक्षात घेऊन कोणाशी बोलायचे ते आधीच माहीत करून घ्यावे. प्रत्येक टप्प्याची दोन ओळींची नोंद ठेवावी. त्या नोंदीत काय कमी होते एवढेच लिहावे, मूल कसे आहे ते लिहू नये.

एक गोष्ट आपल्यासाठीही आहे. मार्च 2024 मध्ये राज्य शासनाने शिक्षकांच्या पोशाखाविषयीही सूचना काढल्या. त्यावर शिक्षकांत बरीच नाराजी झाली, आणि ती नाराजी ज्याला आठवते त्याला, पोशाखावरून कोणी बोलले की कसे वाटते, हे वेगळे सांगायला नको.

जिभेवर येणारी वाक्ये

हा भाग मी स्वतःच्या चुकीपासून सुरू करतो. नारळी पौर्णिमा होऊन दोन आठवडे झाले होते, पाऊस थांबलेला नव्हता आणि आठवीच्या वर्गात खिडक्या बंद होत्या. दुसऱ्या बाकावरच्या मुलाचा शर्ट दमट होता, त्याला मासळीचा वास येत होता, आणि मी हजेरी घेता घेता म्हणालो, "अरे, हा शर्ट काय बाजारातल्या टोपलीत ठेवला होतास का?" वर्ग हसला. त्या मुलाने काहीही उत्तर दिले नाही. त्याने हळूच शर्टाची कॉलर नाकाशी नेली आणि हुंगून पाहिली. मधल्या सुटीत तो दप्तर तिथेच ठेवून निघून गेला आणि चार दिवस आला नाही.

पाचव्या दिवशी त्याची आई बाजारातून थेट शाळेत आली. टोपली व्हरांड्यात उतरवून तिने मला विचारले, "मास्तर, ह्याच टोपलीतली मासळी तुमच्या घरी येते ना?" ती आवाज चढवून बोलली नाही. घरात कोरडी जागा एकच, चुलीवरची. तिथेच सुकी मासळी टांगलेली आणि तिथेच शर्टही वाळत घालायचा, हे तिने सांगितले तेव्हा मला खाली बघावे लागले. तोवर माझे वाक्य गावात पसरले होते आणि त्याला मी न उच्चारलेला जातिवाचक शब्दही जोडला गेला होता. वाडीतली माणसे जमली तेव्हा तो शब्द नाकारण्याची मला घाई झाली होती, एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने मला थांबवले आणि सांगितले, "आधी जे बोललास ते कबूल कर, मग जे बोलला नाहीस त्याविषयी बोल." मी तसेच केले. दुसऱ्या दिवशी, मुलाला आधी विचारून आणि त्याने हो म्हटल्यावर, मी त्याच वर्गात माझे वाक्य जसेच्या तसे पुन्हा सांगितले आणि ते चुकीचे होते असे म्हणून त्याची माफी मागितली.

त्या प्रसंगानंतर मी अशा वाक्यांकडे कान देऊ लागलो. "आईने सांगितले नाही का?" हा प्रश्न आपण दिवसातून दहादा विचारतो, आणि ज्याची आई मुंबईत घरकाम करते किंवा या जगातच नाही त्याला तो दहादा टोचतो. "घरी आरसा नाही का?", "बापाला परवडत नाही का?", "तुमच्या वाडीतली सगळी अशीच", "फुकट मिळतो तरी घालता येत नाही" या प्रत्येक वाक्यात शर्ट बाजूलाच राहतो आणि घराचा उद्धार होतो. मुलींच्या बाबतीत "हे कोणाला दाखवायला?" अशा अर्थाचे काहीही बोलणे अक्षम्य आहे. त्यात शिक्षक आपल्या मनातले मुलीच्या माथी मारतो, आणि ती मुलगी ते वाक्य वर्षानुवर्षे विसरत नाही. शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते ती शोभेसाठी नाही. अशी तक्रार आली तर ती दडपून न ठेवता समितीपुढे ठेवावी.

त्याऐवजी काय म्हणावे? "आज गणवेश दिसत नाही, काही अडचण झाली का?" एवढेच म्हणून गप्प राहावे. मूल लगेच बोलत नाही, ते थोडा वेळ पायाच्या अंगठ्याकडे पाहते. त्या वेळी आपण दुसरा प्रश्न घालू नये. अडचण कळली की उपाय लगेच हातात द्यावा: "कपाटात तुझ्या मापाचा शर्ट आहे, बाईंकडून घे." अडचण नसेल, नुसता आळस किंवा हौस असेल, तर तेही सरळ सांगावे: "उद्या बूट घालून ये. नियम सगळ्यांना आहे, तुलाही आहे." मुलांना स्पष्ट बोलण्याचे वाईट वाटत नाही, आणि नियम पाळायला लावण्यात संकोच करण्याचेही कारण नाही. विनोद मात्र पूर्ण टाळावा. वर्ग हसतो तेव्हा शिक्षकाला आपण फार कठोर बोललो नाही असे वाटते. परंतु ज्याच्यावर हसतात त्याच्या बाजूने पाहिले तर ती शिक्षा चाळीस जणांनी मिळून दिलेली असते.

शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम 17 नुसार बालकाला शारीरिक शिक्षा देणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना मनाई आहे, आणि दोषी शिक्षकावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होऊ शकते. अनुसूचित जाती-जमातींतील मुलाचा जातीवरून अपमान झाला तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. हे शिक्षकांच्या सभेत जूनमध्येच वाचून दाखवावे, म्हणजे "मला माहीत नव्हते" असे म्हणण्याची वेळ येत नाही.

गंध, माळ, स्कार्फ आणि राखी

कोकणातल्या एकाच वर्गात गळ्यात तुळशीची माळ असलेला वारकऱ्याचा मुलगा, दंडाला काळा दोरा बांधलेली मुलगी, डोक्याला स्कार्फ बांधून येणारी कोकणी मुस्लिम मुलगी आणि नुकतेच वडील गेल्यामुळे मुंडन केलेला मुलगा बसलेले असतात. राखी पौर्णिमेनंतर मनगटे भरलेली असतात, मामाच्या लग्नाहून आलेल्या मुलींच्या हातांवर मेंदी असते आणि चैत्राच्या सुमारास वेंगुर्ल्याकडच्या मुली सुरंगीचा गजरा माळून येतात. यांतील बहुतेक गोष्टी चार-आठ दिवसांत आपोआप उतरतात, आणि त्यांच्यामागे लागण्यात काहीही शहाणपण नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानेही 2023 मध्ये, सणासाठी राखी, टिळा किंवा मेंदी असलेल्या मुलांना शिक्षा करू नये, असे राज्यांना कळवले होते.

स्कार्फ आणि इतर धार्मिक चिन्हांचा प्रश्न फाटकावर सोडवण्याचा नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने 15 मार्च 2022 रोजी वर्गातील हिजाबबंदी कायम ठेवली; त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे 13 ऑक्टोबर 2022 रोजी एकमत झाले नाही आणि प्रश्न योग्य पीठ नेमण्यासाठी सरन्यायाधीशांकडे गेला. मुंबईच्या चेंबूरमधील एका महाविद्यालयाच्या पोशाखनियमाविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये फेटाळली, तर सर्वोच्च न्यायालयाने 9 ऑगस्ट 2024 रोजी हिजाब, टोपी आणि बिल्ल्यांवरील बंदीपुरती त्या परिपत्रकाला अंतरिम स्थगिती दिली. ज्यावर देशातील न्यायमूर्तींचे एकमत होत नाही, त्यावर आठवीच्या वर्गशिक्षकाने सकाळी साडेदहाला निकाल देऊ नये. प्रश्न आला तर मुलीला वर्गात बसू द्यावे, शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मार्गदर्शन मागावे, पालकांशी बोलावे आणि समितीत चर्चा करावी. स्कार्फ चालतो असे ठरल्यास त्याचा रंग गणवेशाशी जुळणारा असावा, इतके सांगणे पुरेसे असते. जे ठरेल ते माळेला, गंधाला आणि स्कार्फाला एकाच मापाने लावावे. आणि कोणाच्या धर्मात काय सांगितले आहे यावर शिक्षकाने मत देऊ नये, शिक्षककक्षातही देऊ नये, कारण शिक्षककक्षाची भिंत पातळ असते.

वाद झालाच तर

पहिल्याच दिवशी मुलाला भेटावे, शक्य झाल्यास त्याच्या घरी जाऊन भेटावे. जो बोलला त्या शिक्षकाचे म्हणणे त्याच दिवशी त्याच्या शब्दांत लेखी घ्यावे आणि मुलाचे म्हणणे पालकांच्या उपस्थितीत ऐकावे. वर्गातील इतर मुलांकडून निवेदनांवर सह्या घेऊ नयेत. त्यामुळे मुले दोन तटांत उभी राहतात आणि तंटा वर्षभर पुरतो. गटशिक्षणाधिकारी किंवा शिक्षणाधिकारी यांना बातमी छापून येण्याआधी शाळेकडूनच कळवावे. पत्रकारांशी एकानेच बोलावे, मुलाचे नाव, छायाचित्र किंवा वाडी सांगू नये, आणि पालकांच्या ग्रुपवर स्पष्टीकरणांची माळ लावू नये. सभेची तारीख आणि वेळ कळवणारा एकच संदेश पाठवावा.

माफी मागायची असेल तर ती सरळ असावी. "कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत" या वाक्यात दोष दुखावल्या गेलेल्यावरच टाकलेला असतो आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळते. काय बोललो, कोणाला बोललो, ते का चुकले आणि पुढे काय करणार, हे चार वाक्यांत सांगावे. वाक्य जिथे बोलले गेले तिथेच माफीही मागावी, मात्र मुलाला ते नको असेल तर त्याच्यावर लादू नये. कित्येक मुलांना तो प्रसंग वर्गात पुन्हा उगाळला जायला नको असतो.

शिक्षकालाही एकटे पाडू नये. शब्द फिरवून सांगितला गेला असेल, किंवा अर्धीच चित्रफीत पसरली असेल, तर पूर्ण हकिगत नोंदींसह सभेत मांडावी. परंतु खऱ्या चुकीवर पांघरूण घालण्यासाठी "शाळेची बदनामी" हा शब्द पुढे करू नये. चौकशी होण्याआधी बदली किंवा निलंबनाची घोषणा करून जमाव शांत करणेही योग्य नाही, कारण त्याने प्रश्न पुढच्या शाळेत जातो.

यानंतरचे काम कोणाला दिसत नाही, आणि ते बहुतेकदा राहून जाते. तक्रार केलेल्या मुलाशी काही शिक्षक पुढे गार वागतात: त्याला प्रश्न विचारत नाहीत, वही तपासताना शेरा लिहीत नाहीत, स्नेहसंमेलनाच्या यादीत त्याचे नाव येत नाही. मुख्याध्यापकाने यावर स्वतः लक्ष ठेवावे. एका शिक्षिकेला त्या मुलाची जबाबदारी द्यावी, दर आठवड्याला हजेरी पाहावी, तोंडी परीक्षेचे गुण दुसऱ्या शिक्षकाकडून द्यावेत आणि घरी महिन्यातून एकदा फोन करावा. दिवाळीची सुटी संपून शाळा भरली की पहिल्या आठवड्याचा हजेरीपट काढावा. मूल नियमित येत असेल, मागच्या बाकावरून पुन्हा आपल्या जागी बसत असेल, तर ती नोंद बंद करावी, नाहीतर पुढच्या सत्रासाठी चालू ठेवावी.